‘च’ काढून बोला

‘मॅडम, आई दिवसभर जप करते आणि उठता-बसता आम्हाला पापी ठरवते. असला धर्म काय कामाचा?’

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतोच. यावेळी विचारणारी परळची, सव्वीस वर्षांची. चातुर्मासात तिने घरी ऑम्लेट केलं, आईने तवाच कचऱ्यात टाकला. त्या दिवसापासून लेकीने हात जोडणं सोडलं, सत्संगाला जाणारा प्रत्येक जण तिला ढोंगी वाटू लागला.

चौथ्या भेटीला आई आल्या. देवाचा विषय मी काढलाच नाही. विचारलं, ‘नेम मोडला तर काय होईल, असं वाटतं?’

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘ह्यांच्या बायपासच्या वेळी बोलले होते मी, सगळं घर पाळेल म्हणून. ह्यांना काही झालं तर?’

लेक बघतच राहिली. तिला हा नवस माहीत नव्हता.

‘“घरात अंडं शिजायलाच नको” यातला “च” काढा, पुढे “मला वाटतं” जोडा,’ मी म्हटलं.

‘अंडं शिजायला नको... असं मला वाटतं.’ आवाजातली धार गेली होती.

‘आता तू. “सगळे भक्त ढोंगीच.”’

ती दोनदा अडखळली. ‘काही असतात. आई नाही. आई घाबरलीय.’

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आल्बर्ट एलिस १९५५ पासून हेच सांगत आले: इच्छेचा हट्ट झाला की मन बिघडतं. ते स्वतः नास्तिक, तरी हटवादी नास्तिकांनाही त्यांनी सोडलं नाही. माझी सगळी प्रॅक्टिस या एका गोष्टीवर उभी आहे.

देव आहे की नाही, हा वाद घरात घालू नका. तो जिंकलेलं कुणी मी पाहिलेलं नाही. भीती विचारा. ज्याचा नवस त्याने पाळावा, हे स्पष्ट सांगा, पण जेवणाच्या ताटावर नको. पाळीत बाजूला बसवणं, कामवालीला वेगळी कपबशी, इथे मात्र तडजोड नाही. अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या कलमाने केव्हाच रद्द केली आहे. आणि धर्माची संस्था म्हणजे ढोंग, असं म्हणणाऱ्यांना मी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बघून यायला सांगते. टाटा हॉस्पिटलमधल्या कर्करुग्णांना तिथे आसरा मिळतो.

परळच्या त्या घरात आता दोन तवे आहेत. अंड्याचा तवा लेक स्वतः घासते आणि गॅलरीतल्या खिळ्याला टांगते.