परवानगी मागताना इंग्रजी अडतं, की अजून काही?

"मॅडम, कॅन म्हणू, कुड म्हणू की मे म्हणू, तिथेच माझी गाडी अडते." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, विशेषतः मराठी मीडियमवाल्यांकडून, की आता त्यावर लिहायलाच हवं.

एक ताई होत्या (ओळख बदललीय), पुण्यात आयटीत. पाळणाघर सहाला बंद व्हायचं, म्हणून पाचला निघायची परवानगी हवी. त्या थेट म्हणायच्या, "आय वॉन्ट टू लीव्ह ॲट फाइव्ह." मॅनेजरला तो उद्धटपणा वाटायचा.

मी विचारलं, "चुकीचा शब्द वापरला तर काय होईल?"

"हसतील."

"आणि अगदी बरोबर विचारूनही ते नाही म्हणाले तर?"

बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाल्या, "मग मी परत कधीच विचारणार नाही."

इथे मला गाठ सापडली. भीती व्याकरणाची नव्हतीच, नकाराची होती, आणि प्रश्न केला की समोरच्याला नाही म्हणायची जागा मिळते म्हणून त्या प्रश्नच टाळून सरळ सांगून मोकळ्या व्हायच्या. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांना मानणारी. १९५० च्या दशकापासून तो हेच सांगत राहिला की इच्छेची आपण अट करून टाकतो, 'होकार मिळायलाच हवा', आणि मग तोंड उघडत नाही. इतक्या वर्षांच्या कामात मला हे पुन्हापुन्हा खरं दिसलंय.

मग आम्ही नकाराचाच सराव केला. त्या म्हणायच्या, "कुड आय लीव्ह ॲट फाइव्ह टुडे?" मी म्हणायचे, "नॉट टुडे." सुरुवातीला डोळे भरून यायचे. नंतर एकदा सहज म्हणाल्या, "ओके, कुड आय लीव्ह अर्ली टुमॉरो देन?" मला फार आनंद झाला तेव्हा!

बाकी शब्दांचं सोपंय. बरोबरीच्या माणसाला कॅन, साहेबांना कुड, मुलाखत वगैरे फॉर्मल ठिकाणी मे. इथला कुड भूतकाळाचा नाही बरं का, नुसती नम्रता आहे. पण परवानगी देताना कुड नको, "येस, यू कॅन" म्हणायचं. माइट सोडून द्या, परवानगी मागायला रोजच्या बोलण्यात कुणी फारसं वापरत नाही. आणि प्रश्न विचारला की थांबा, मागून सॉरी सॉरी, ॲक्च्युअली सर अशी शेपटं लावू नका. आधी दुकानात, सोसायटीत, जिथे नकाराने फार बिघडत नाही तिथे विचारून बघा, मग साहेबांच्या केबिनमध्ये जा.