वल्हे कमरेने मारावे: नवशिक्यांना कयाक शिकवणाऱ्यांच्या शंका

तापी-गिरणेच्या खोऱ्यातील तलावांवर आणि धरणांच्या फुगवट्यात नवख्यांना कयाक (बसून, दोन टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची छोटी नाव) शिकवणाऱ्या, तसेच स्वतः शिकणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न आले आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. पंधरा मिनिटे वल्हवले की मुलांचे खांदे भरून येतात. दंडाचे व्यायाम वाढवावेत का? (भुसावळ)

व्यायाम वाढवून हे दुखणे जाणार नाही, कारण मुले केवळ हातांच्या बळावर वल्हवत आहेत. दंडाचे स्नायू लहान असतात आणि लवकर थकतात. पाठीचे व पोटाचे स्नायू त्या मानाने कितीतरी दमदार असतात. जात्यावर दळणारी बाई जशी सारे अंग कमरेतून पुढे-मागे नेते आणि हात फक्त खुंट्याला धरून ठेवते, तसेच येथेही जोर धडातून यावा लागतो.

सुरुवात बैठकीपासून करावी. मूल पाठीच्या टेकणीवर रेलून बसले असेल तर धड वळणारच नाही. पाठ ताठ हवी, आणि पायांचे टेकू अशा अंतरावर लावावेत की गुडघे किंचित वाकून मांड्या नावेच्या कडेखाली सहज टेकतील. त्यानंतर वल्हे डोक्यावर आडवे धरायला सांगावे. दोन्ही कोपर काटकोनात आले की मुठींमधले अंतर योग्य झाले. तेथे दांड्यावर रंगीत पट्टी चिकटवून ठेवली म्हणजे पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाही.

उजवीकडचा फटका घेताना उजवा खांदा पुढे न्यावा, पाते पायाच्या पंजाजवळ पूर्ण बुडवावे आणि मगच धड उजवीकडे वळवत उजव्या पायाने टेकू दाबावा. पाते कमरेशी आले की बाहेर काढावे. पाण्यात रोवलेले पाते जवळपास जागेवरच राहते आणि नाव त्याच्यापुढे सरकते, ही गोष्ट मुलांना एकदा उमगली की पाणी मागे फेकण्याची त्यांची धडपड आपोआप कमी होते. वल्हे घट्ट आवळून धरू देऊ नये. मनगटे व पुढचा हात दुखण्याचे ते मोठे कारण आहे.

हे सारे आधी मैदानावर, पाय पसरून बसवून, साध्या काठीने करून घ्यावे. समोर उभे राहून फक्त लाइफ जॅकेटची चेन पाहावी. ती प्रत्येक फटक्याला डावी-उजवीकडे वळत नसेल तर धड वळत नाही, मग हात कितीही डौलदार दिसोत.

प्रश्न : नकाणे तलावावर सराव करताना माझी नाव सतत एका बाजूला वळते. वल्हे सदोष असेल का? (धुळे)

वल्ह्यात सहसा दोष नसतो, पण ते उलटे धरले आहे का हे आधी पाहावे. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे असावी, आणि दोन कडा कमी-अधिक लांबीच्या असतील तर लांब कड वर असावी. त्यानंतरचे नेहमीचे कारण म्हणजे पाते कमरेच्या मागेपर्यंत ओढणे, कारण तेथे ते नावेला पुढे नेण्याऐवजी तिचे टोक वळवू लागते. दोन्ही बाजूंच्या फटक्यांची खोली वेगळी असली तरीही असेच होते.

नजर नावेच्या टोकावर न ठेवता पलीकडच्या काठावरील एखाद्या झाडावर ठेवावी. दिशा चुकलीच तर उलटे वल्हे मारून वेग मोडू नये. ज्या बाजूला नाव वळते आहे त्याच बाजूला, पात्याने पुढून मागे रुंद कमान काढणारा एक फटका द्यावा. बाजूने वारा असेल तर मात्र दोष तुमचा नाही. चालत्या कयाकचे पुढचे टोक पाण्यात अधिक धरलेले असते आणि मागचे वाऱ्याने सहज ढकलले जाते, म्हणून वारा जिकडून येतो तिकडे नाव तोंड करू पाहते. नवख्यांचा सराव सकाळी लवकर, पाणी निवांत असताना उरकण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण आपल्याकडचे एप्रिल-मे महिन्यांतले ऊन.

प्रश्न : वल्ह्याची दोन पाती एकमेकांशी कोनात ठेवावीत की सरळ? लांबी किती घ्यावी? (चोपडा)

पहिले काही महिने सरळच ठेवावीत, म्हणजे मनगट वळवण्याची भानगड उरत नाही. रुंद, सहलीच्या कयाकसाठी प्रौढांना साधारण 220 ते 230 सेंटिमीटर लांबी चालते. मुलांना त्याहून आखूड आणि वजनाने हलके वल्हे द्यावे.

प्रश्न : मुलीला कयाक शिकायची आहे, पण नाव उलटण्याची मला धास्ती वाटते. (जळगाव)

ती उलटणार हे गृहीत धरूनच शिकवावे. पहिल्याच दिवशी, छातीइतक्या पाण्यात, शिक्षकाने शेजारी उभे राहून नाव मुद्दाम उलटवावी, आणि मुलीने पुढे वाकून, दोन्ही हातांनी नावेच्या कडा ढकलत बाहेर यावे. नावेत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती बांधून बैठकीच्या कडेला अडकवतात ते आच्छादन नवख्यांनी वापरूच नये. बाहेर आल्यावर नाव सोडून काठाकडे पोहत निघू नये; नाव तरंगते आणि दुरूनही दिसते. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट अंगावर, पट्ट्या आवळून, असलेच पाहिजे. जागा निवडताना धरणाच्या भिंतीपासून व दरवाजांपासून दूर राहावे, संबंधित कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना नदीपात्रात उतरूच नये. पाणी ओसरल्यावर काठाला उरणारा काळ्या मातीचा गाळही फसवा असतो, म्हणून उतरण्याची जागा आधी काठीने चाचपून घ्यावी.

प्रश्न : दहा-बारा जणांच्या गटाला कोणत्या क्रमाने शिकवावे? (नंदुरबार)

बहुतेक जण सरळ वल्हवण्यापासून सुरुवात करतात आणि मग सगळा गट पसरला की शिट्ट्या फुंकत बसतात. माझ्या मते आधी थांबणे, मग वळणे आणि शेवटी सरळ जाणे हा क्रम बरा. थांबण्यासाठी दोन्ही बाजूंना आळीपाळीने छोटे उलटे फटके मारावेत. वळण्याच्या रुंद फटक्यात धड आपोआप फिरते, त्यामुळे सरळ फटक्याची निम्मी तयारी तेथेच होऊन जाते.

पाण्यावर असताना एका वेळी एकच सूचना द्यावी. “पाठ ताठ, पाते पायाशी, मूठ सैल, नजर लांब” असे एका दमात सांगितले तर शिकणारा यातले काहीच करत नाही. जो मागे पडतो त्याच्या बाजूने, त्याच्याच वेगाने वल्हवत जावे. त्याची चूक बहुधा पायांत किंवा बैठकीत सापडेल, आणि तसे असेल तर काठावर आणून पायांचे टेकू पुन्हा लावून द्यावेत.