बारा हजारांचा पंप, सत्तर हजारांची गाडी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. 2011 ची छोटी पेट्रोल गाडी, कराडहून रोज 25 किलोमीटरवरची शाळा आणि पंधरवड्यात दोनदा चढावर बंद पडलेलं इंजिन. मेकॅनिकने फ्यूल पंपाचे, म्हणजे टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचे, मजुरीसकट 12,000 सांगितलेत. दलाल गाडीचे 70,000 देतो म्हणतो. घरचे म्हणतात, भंगारात पैसे घालू नकोस, दीड लाखाची एफडी मोड, पाच लाखांचं कर्ज काढ आणि नवीच घे.

मला विचाराल तर पंप बदला, एफडीला हात लावू नका. पण त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या, त्या खाली सांगतो.

घरचे 12 हजार आणि 70 हजार समोरासमोर ठेवतात, तिथे गल्लत होते. तुम्हाला गाडी विकायची नाही, शाळेत पोचायचंय. मग पंपाचा खर्च नव्या गाडीच्या खर्चासमोर मांडा. पाच लाख, 9 टक्के, पाच वर्षं म्हणजे महिन्याला सुमारे 10,380 चा हप्ता. त्यातलं मुद्दल गाडीच्या रूपाने आपल्याकडेच राहतं, असं कोणी म्हणेल. ते सोडून द्या. नुसतं व्याजच पहिल्या सहा महिन्यांत 21 हजारांवर जातं. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त पडते, ते नुकसान वेगळंच. जुनी गाडी पंप बदलून सहा महिने जरी नीट चालली, तरी 12 हजार वसूल झाले.

आणि एफडी! यजमानांचं उत्पन्न उसाच्या बिलावर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. बिल लांबलं आणि घरात कोणी आजारी पडलं, तर हाताशी तेवढीच रक्कम आहे. ती डाऊन पेमेंटमध्ये घालवायला मी कधीच सांगणार नाही.

आता पहिली गोष्ट. दोष खरंच पंपाचा आहे का? माझ्या वडिलांच्या गाडीचा पंप एका गॅरेजवाल्याने असाच अंदाजाने बदलला. आठवड्याने गाडी पुन्हा बंद. शेवटी दोष निघाला रिलेचा, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या छोट्या स्विचचा, काही शे रुपयांचा. त्यामुळे पैसे द्यायच्या आधी गेज लावून इंधनाचा दाब समोर मोजायला सांगा. रिले, फ्यूज, फिल्टर आणि पंपापर्यंतची वायर तपासायला लावा. तुम्ही स्वतःही एक करू शकता: खिडक्या बंद करून किल्ली 'ऑन'वर फिरवा, स्टार्टर मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज यायला हवा. तो आलाच नाही, किंवा रडका, घरघरता आला, तर संशयाला जागा आहे.

दुसरी गोष्ट नोव्हेंबरची. तेव्हा गाडीला 15 वर्षं होतात आणि आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, संपते. फिटनेस तपासणीत पास झाली तर पुढे पाच वर्षं मिळतात. फेरनोंदणीचं शुल्क 5,000, वर राज्याचा पर्यावरण कर. म्हणून आत्ताच गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा, ब्रेक आणि धूर बघून घ्या. पत्रा गंजून पोखरला असेल तर माझा सल्ला बदलतो: मग कंपनीच्या ओरिजिनल पंपाचा खर्च नको, गाडी आहे तशी विका आणि दोन-तीन लाखांतली वापरलेली बघा.

विम्यातून हे पैसे मिळणार नाहीत, झिजून बिघडलेला भाग त्यात बसत नाही.

सगळं ठीक निघालं तर पंप ओरिजिनलच घ्या. 3 हजारांची लोकल मोटर रोजच्या 50 किलोमीटरच्या प्रवासाला नको. पंप उघडलाच आहे तर रबरी नळ्या आणि सीलही बदला. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं. बिलावर वॉरंटी लिहून घ्या, जुना पंप मागून घ्या. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका, कारण हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. आणि पुढच्या महिन्यापासून 3,000 रुपयांची आरडी सुरू करा, फक्त गाडीच्या नावाने.