'ब्लू जे' म्हणजे नीलकंठ का?

प्रश्न असा : इक्वेडोरमधल्या डोंगरी मेघवनांवरचा ('क्लाउड फॉरेस्ट', म्हणजे ढग-धुक्यात वेढलेली जंगलं) एक लेख मराठीत आणायचा आहे. त्यात 'टर्कॉइज जे' नावाचा निळा पक्षी येतो. कोशात 'ब्लू जे'पुढे 'नीलकंठ' दिलंय, मग यालाही नीलकंठ म्हणावं का?

नका म्हणू. हा घोटाळा जुना आहे. इथे आलेल्या इंग्रजांनी आपल्या चासाला, म्हणजे नीलपंखाला, 'ब्लू जे' म्हणायला सुरुवात केली आणि तेच कोशांत उतरलं. जे हा कावळ्याच्या कुळातला. चास खंड्याच्या जवळचा. अर्थात, 1758 मध्ये जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनियसनेही चासाला कावळ्यांतच बसवून 'कॉर्व्हस बेंगालेन्सिस' असं नाव दिलं होतं!

खरं तर चासालाही 'नीलकंठ' नीट बसत नाही. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात, शंकराशी नातं जोडतात, म्हणून ते नाव टिकलं. पण बांधावरच्या तारेवर बसलेला चास निरखून पाहा : गळा-छाती तपकिरी, वर फिकट रेघा. किड्यावर झेपावला की पंख उघडतात आणि मग ती गडद-फिकट निळाई दिसते. मला 'नीलपंख' म्हणूनच आवडतं.

आता तुमचा पक्षी. दक्षिण कोलंबियापासून उत्तर पेरूपर्यंत अँडीजच्या उतारांवर, साधारण 2000 ते 3000 मीटर उंचीवरच्या शेवाळलेल्या झाडांत तो राहतो. डोळ्यांभोवती काळा मुखवटा, फिकट निळ्या गळ्याखाली बारीक काळी कंठी, बाकी अंग पिरोजी. आणि हाच शब्द तुम्हाला हवा आहे! 'टर्कॉइज' म्हणजे फ्रेंचमध्ये 'तुर्की'. इराणातलं हे रत्न तुर्कस्तानमार्गे युरोपात गेलं, म्हणून हे नाव. आपल्याकडे तेच रत्न फारसीतून 'पिरोजा' होऊन आलं. तेव्हा बेलाशक 'पिरोजी जे' लिहा. 'जे' तसाच राहू द्या. 'नीलकाक' घडवता येईल, पण तो शब्द वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे आधी निळा रंगवलेला कावळाच येईल.

'मेघवन' मात्र बदलू नका. 'ढगाळ जंगल' नको. ढगाळ असते ती हवा. आणि या पक्ष्याचं आपल्याकडचं नातलग सांगायचं असेल, तर टकाचोर सांगा. निळा नाही, पण कुळ तेच.