सुईदोरा : राणीचा घोळ आणि आपले नऊ वार

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. लिहिणारे वेगवेगळ्या वयाचे आहेत, पण चौघांच्याही मनात राजघराण्यातलं किंवा विलायतेतलं लग्न आहे. कुणी ते पडद्यावर पाहिलंय, कुणी प्रत्यक्ष जाणार आहे. गेली एकतीस वर्षं नारायण पेठेत नवऱ्यामुलींची शिवणं करते आहे, त्या अनुभवातून लिहिते.

ताई, माझं लग्न मार्गशीर्षात आहे, कर्वे रस्त्याजवळच्या कार्यालयात. हिरवी पैठणी घेतली आहे. डायना आणि केट यांच्या लग्नाचे व्हिडिओ पाहिल्यापासून मला पैठणीवर सात फूट मागे लोळणारा नेटचा शेला हवा आहे. आई नको म्हणते. तुम्ही शिवून द्याल का?
— एक नवरीमुलगी, कोथरूड

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. शिवून देईन, पण नेटचा नाही, आणि विधींसाठी सात फूट मागे लोळणारा तर नाहीच.

डायनाच्या झग्याचा तो मागचा घोळ, ट्रेन म्हणतात तो, पंचवीस फुटांचा होता. २९ जुलै १९८१ ला ती वडिलांबरोबर बग्गीतून सेंट पॉल कॅथीड्रलला आली. रेशमी टॅफेटा कापड, त्याचा एवढा ढीग आणि बग्गीत दोघं दाटीवाटीनं बसलेले. ती उतरली तेव्हा चुण्याच चुण्या पडलेल्या होत्या. तो व्हिडिओ पुन्हा लावून बघ. चर्चच्या पायऱ्यांवर घोळ उलगडायला आणि सारखा करायला किती हात लागले ते मोज. पुढे २०११ मध्ये केटचा घोळ साधारण २.७ मीटरचा होता, म्हणजे जेमतेम तीन वार. मला तोच जास्त आवडतो. मापात आहे, आणि तिला एकटीला वळता येतंय.

आणखी एक हिशेब कर. पंचवीस फूट म्हणजे साधारण सव्वाआठ वार. आपलं नऊवार लुगडं सत्तावीस फुटांचं. डायनाच्या घोळापेक्षा लांब कापड आपल्या आज्या-पणज्या अंगाभोवती गुंडाळून, काष्टा मारून विहिरीवरून पाणी आणत होत्या. एक सूतही जमिनीला लागत नव्हतं. आपल्याकडे लांबी मागे सोडायची नसते, नेसायची असते. तुला राणीसारखं दिसायचं असेल तर विधींना नऊवारी नेस, असं मी मनापासून सांगेन.

आता नेटचं. तिकडच्या नवरीला चालायचं असतं, उभं राहायचं असतं. तुला पाटावर बसायचंय, लाजाहोमाला उठायचंय, तांदळाच्या सात राशींवरून पावलं टाकायचीत, आणि निम्म्या मांडवाला वाकून नमस्कार करायचाय. शिवाय तुझ्या शेल्याला एक काम आहे. नवऱ्याच्या उपरण्याशी त्याची गाठ मारतात. ती गाठ बसली पाहिजे, टिकली पाहिजे. कडक नेटची गाठ सुटते. आणि बाजूला होम पेटलेला असतो. नायलॉन नेट आगीजवळ नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. काही वर्षांपूर्वी मीच शिवलेल्या एका लांब शेल्याचं टोक होमकुंडाच्या कडेला गेलं. करवलीनं झटकन ओढून पायाखाली विझवलं, मुलीला काही झालं नाही. पण ते करपलेलं टोक मी कपाटात ठेवलंय. त्यानंतर होमासाठी नेट शिवलेलं नाही.

तुझ्यासाठी अडीच वारांचा मऊ रेशमी शेला करू, काठ पैठणीच्याच रंगाचे. रिसेप्शनला स्टेजपर्यंत चालत येतेस तेवढ्यासाठी खांद्यापाशी चार हूक लावून वेगळा लांब पट्टा देईन. फोटो झाले की काढून आईच्या हातात द्यायचा. आणि लग्नाआधी पंधरा दिवस एक जुनी चादर तेवढ्याच लांबीला खांद्याला टाचून घरात बस, ऊठ, वाक, जिना चढ. कुठे अडतंय ते मला लिहून आण.

इंदूरकडच्या एका जुन्या सरदार घराण्यात माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं लग्न आहे. सगळ्या जणी हिऱ्या-पाचूंनी मढलेल्या असतील. माझ्याकडे आईची बदामी चंदेरी आणि एक तन्मणी, एवढंच आहे. नवीन भरजरी घ्यावं का? शिवाय पाहुण्यांनी पांढुरकं नेसू नये असं ऐकलं, ते खरं का?
— एरंडवण्याच्या एक वाचक

चंदेरीच नेसा. नवीन काही घेऊ नका. ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर, बडोद्याचे गायकवाड, नागपूरचे भोसले, या मराठी घराण्यांच्या बायका पिढ्यान् पिढ्या चंदेरी नेसत आल्या. ते कापड त्या घरांसाठीच विणलं जात होतं. तुम्ही ज्या घरी जाताय तिथल्या वयस्कर बायका आत येणाऱ्या पाहुणीच्या पदराचं सूत आधी बघतील. त्यांना आईची जुनी चंदेरी ओळखू येईल. दुकानातून काल आणलेली जड साडीही ओळखू येईल.

जडपणाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. बडोद्याच्या इंदिराराजे १९१३ मध्ये लग्न होऊन कूचबिहारला गेल्या. शिफॉनची साडी राजघराण्यांतून रूढ झाली ती त्यांच्यामुळे. हवं ते जडजवाहीर हाताशी असलेल्या बाईनं वाऱ्यावर उडणारं कापड निवडलं. तुमची चंदेरी त्याच जातीची आहे.

पांढऱ्याचं म्हणाल तर तो नियम विलायती. व्हिक्टोरिया राणीनं १० फेब्रुवारी १८४० ला स्वतःच्या लग्नात पांढरं सॅटिन घातलं, वर हॉनिटनची लेस. ती काही पहिली पांढरी नवरी नव्हती, पण तिच्यापासून पांढरा झगा रुजला आणि मग तो रंग नवरीसाठी राखून ठेवायची रीत पडली. आपली नवरी गौरीहराला पिवळी अष्टपुत्री नेसते, पुढे हिरवी किंवा लाल. त्यामुळे जरीकाठाची बदामी चंदेरी आपल्या मांडवात बिनधास्त चालते. कोरी पांढरी तेवढी नको, आणि काळीही नको. काळ्या चंद्रकळेचा मान संक्रांतीला. आणखी एक करा. मैत्रिणीला फोन करून सूनबाई मुहूर्ताला कोणता रंग नेसणार ते विचारा आणि तो टाळा. यात संकोच कसला, यजमानांना बरंच वाटतं.

अशा घरांतून डोक्यावर पदर घेण्याची पद्धत अजून पाळतात. चंदेरी डोक्यावरून घसरते. पदराला आतल्या बाजूनं, केसांच्या रेषेवर येईल तिथं, मखमलीची बोटभर रुंद पट्टी बारीक धावदोऱ्यानं लावून घ्या. हात न लावता पदर राहतो, पिना दिसत नाहीत. लग्नानंतर दोरा ओढला की पट्टी निघते, कापडाला काही होत नाही.

तन्मणी एकच घाला. सोबत नथ. पुरे.

ताई, पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न लंडनजवळ एका चर्चमध्ये आहे. मी पुणेरी पगडी घालावी की फेटा? तिकडे पुरुष आत टोपी काढतात म्हणे. आहेर काय न्यावा तेही सुचवा.
— सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ

काका, फेटा न्या. पगडी मानाची खरी, पण ती तयार बांधणीची, प्रवासात चेपली की तिकडे कुणाला सारखी करता येणार नाही. फेट्याचं कापड घडी घालून पिशवीत मावतं. निघण्यापूर्वी दोन-तीनदा स्वतः बांधून बघा, कारण तिथं बांधणारा मिळायचा नाही. हॅट काढतात हे खरं, पण फेटा हा आपल्या पोशाखाचा भाग आहे. यजमानांना आधी सांगून ठेवलंत की झालं. तिकडे दिवसाच्या लग्नाला बायका हॅट घालतात. काकूंनी पदर नीट लावला की पुष्कळ. त्यांनी मात्र पांढरी किंवा मोतिया साडी नेसू नये, तिथं ते खरंच मनाला लागतं.

आहेराचं सांगते. १९४७ च्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाला गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं लेसचं कापड पाठवलं होतं, त्यात ‘जय हिंद’ विणलेलं. २०१८ मध्ये हॅरी-मेगनच्या लग्नासाठी मुंबईच्या डबेवाल्यांनी मेगनला पैठणी आणि हॅरीला कुर्ता-फेटा घेतला. डबेवाले बरेचसे आपल्याच मावळ-मुळशी-खेडचे. त्यांनी घरच्या सुनेला दिलं असतं तेच राजाच्या सुनेला दिलं. तुम्हीही सूनबाईंना साडी न्या. ती फॉल-पिको केलेली, निऱ्या शिवून तयार केलेली न्या, म्हणजे ती खरंच नेसली जाईल. माप पाठवलंत तर ब्लाऊज दोन दिवसांत शिवून देते.

माझ्या आजीचा १९५५ चा लग्नातला शालू आहे, लाल, भरजरी. घड्यांवर चिरला आहे. एका राजकन्येनं आजीचा झगा लग्नात घातला हे वाचल्यापासून मला त्याचा लेहंगा शिवून लग्नात घालायचा आहे. आजी काही बोलत नाही. कापू का?
— एक वाचक, सहकारनगर

कापू नकोस.

तू वाचलेली गोष्ट बिअ‍ॅट्रिसची. १७ जुलै २०२० ला विंडसरमध्ये, करोनामुळे अगदी मोजक्या माणसांत तिचं लग्न झालं. झगा आजीचा, एलिझाबेथ राणीचा. नॉर्मन हार्टनेलनं शिवलेला, राणीनं १९६२ मध्ये घातलेला. मूळ झग्याला बाह्या नव्हत्या, त्या ऑर्गंझाच्या जोडल्या. झगा नातीच्या अंगाचा करून घेतला, पण तो त्या राणीचाच झगा आहे हे कुणालाही ओळखता आलं. डोक्यावर आजीनं १९४७ मध्ये लग्नात घातलेलाच हिऱ्यांचा मुकुट होता. त्या मुकुटाची गोष्ट तुला माहीत असावी. एलिझाबेथच्या लग्नाच्या सकाळीच त्याची पट्टी तुटली. सोनाराकडे धाडला, जोडून आणला आणि तोच घातला. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती, कपडे अजून कूपनांवर मिळत होते. नवरीला सरकारनं दोनशे कूपनं जास्तीची दिली. बायकांनी आपापली कूपनं तिला पाठवली, तीही परत करावी लागली, कारण दुसऱ्याचं कूपन वापरणं बेकायदा होतं. तुटलेलं जोडून घालण्यात, मोजून कापड घेण्यात त्या घराला कमीपणा वाटला नाही.

शालूचा लेहंगा का नको, ते कापडाच्या बाजूनं सांगते. जर धातूची, रेशीम नाजूक. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की जरच रेशमाला कापते. तुझ्या शालूचं तेच झालंय. लेहंग्यात सगळं वजन कमरेच्या शिवणीवर लोंबतं. सत्तर वर्षांचं रेशीम ते पेलणार नाही, पहिल्या गिरकीला चुण्यांच्या मुळाशी उसवेल. नेसलेल्या साडीचं वजन अंगभर वाटलं जातं, म्हणून साडी म्हणूनच तो वाचेल.

मी हे अनुभवून बोलते आहे. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी मी आईच्या शालूचा घागरा शिवला. तेव्हा नुकतीच शिकून तयार झाले होते, हात चांगला चालत होता, आणि आईनं ‘तुम्हाला हवं तसं करा’ म्हटलं होतं. घागरा सुंदर झाला. रात्री आई उरलेले तुकडे मांडीवर घेऊन काठाला काठ जुळवून बघत बसलेली मी पाहिली. ती कधी काही बोलली नाही. तुझी आजी गप्प आहे असं लिहिलंस, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

आता काय करायचं ते. शालू पूर्ण उलगडून पाठीमागे मऊ मलमलचं अस्तर लावायचं. मलमल आधी धुऊन आटवून घ्यायची, शक्य तितकी त्याच लाल रंगाची. चिकटवायचं अस्तर अजिबात नको, गोंदानं रेशीम कडक होऊन आणखी मोडतं. सगळं काम हातानं, बारीक सुई, रेशमी दोरा, टाके रेशमातून काढायचे, जरीतून नाही. चिरलेल्या जागी दोन्ही कडा ओढून जवळ आणायच्या नाहीत. आहेत तशा अस्तरावर निजवून धरायच्या. केटच्या लेसचं काम करणाऱ्या बायका दर अर्ध्या तासानं हात धूत होत्या आणि दर तीन तासांनी सुई बदलत होत्या. मी आणि माझ्याकडच्या दोघी जणी तुझ्या शालूसाठी तसंच करू. मला तीन आठवडे लागतील.

मग तो सीमांतपूजनाला नेस. दोन तास, होमापासून लांब, जेवणाआधी. ब्लाऊज नवीन शिवू, साधा, जर नसलेला. नंतर धुवायचा नाही, सावलीत वाऱ्यावर ठेवून जुन्या सुती धोतरात गुंडाळायचा. डांबराच्या गोळ्या जरीजवळ ठेवू नकोस, ती काळवंडते. दर तीन महिन्यांनी घडी बदलायची, आणि घडीच्या आत सुती कापडाची वळकटी ठेवायची म्हणजे कडक मोड पडत नाही.

एवढ्या जुन्या जरीची वीण जवळून पाहायची असेल तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अर्धा दिवस काढ. काचेपलीकडचे काठ-पदर बघितलेस की घरात काय आहे ते कळेल.

आणि शालू माझ्याकडे आणशील तेव्हा आजींनाही घेऊन ये. सकाळी अकरापर्यंत ये, तेव्हा गर्दी नसते आणि उजेड चांगला असतो. माझं काम पहिल्या मजल्यावर चालतं, जिना अरुंद आहे. त्यांना चढवत नसेल तर खालून हाक मार. खाली सतरंजी अंथरून तिथंच शालू उघडू. कुठला पदर कसा घ्यायच्या ते त्या दाखवतील.