आजोबा कुठे गेले, असं पोराने विचारलं तर

प्रिय लेकी,
सलाम.

तुझ्या शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या, पोराने सगळ्यांदेखत विचारलं, ‘आमचे आजोबा बाप्तिस्मा न घेता गेले, मग ते नरकात का?’ आणि तू ‘पुढच्या रविवारी सांगते’ म्हणालीस. बरं केलंस. कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. आपल्यातल्या कितीतरी घरांत आईचं माहेर हिंदू, चुलते हिंदू. एका भावाची माती कबरस्तानात, तर दुसऱ्याची पंचगंगेवर.

आधी तू स्वतः नीट समजून घे. आपली पुष्कळ माणसं उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, म्हणतात आणि घरी आली की शेजाऱ्यांसारखंच बोलतात: देह म्हणजे जुनं वस्त्र, आत्मा सुटला, वर गेला. विश्वासांगीकारात मात्र शरीराचं पुनरुत्थान आहे. आपण वाट बघतो ती देवाने घडवलेला माणूस देहासकट पुन्हा उभा राहण्याची. बायबलातलं लूक २४ काढ. उठलेला येशू शिष्यांना हातपाय दाखवतो, त्यांच्यासमोर भाजलेला मासा खातो. भुताने मासा खाल्लेला कुणी ऐकलाय? पौल १ करिंथ १५ मध्ये दाण्याचं उदाहरण देतो. पेरला तो दाणा आणि उगवलं ते पीक दिसायला सारखं नसतं, पण येतं त्याच दाण्यातून. कागल-राधानगरीकडच्या पोरांना हे फोडून सांगावं लागत नाही. आणि इब्री ९:२७ प्रमाणे मरण एकदाच, मग न्याय. त्यामुळे पुनर्जन्म आपल्यात बसत नाही.

मग मरणापासून त्या शेवटच्या दिवसापर्यंत काय? यावर मोठ्यामोठ्यांचं जमलेलं नाही. प्रोटेस्टंट सुधारकांपैकी ल्यूथर बऱ्याचदा त्याला झोप म्हणायचा. आत्मा झोपतो या मताविरुद्ध दुसरा सुधारक कॅल्विन याने पुस्तकच लिहिलं. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ मध्ये इथे आले, पुढे १८७० मध्ये हे काम कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, म्हणून आपण कॅल्विनच्या बाजूचे: विश्वासणाऱ्याचा आत्मा लगेच प्रभूजवळ जातो आणि पुनरुत्थानाची वाट बघतो. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं म्हणाला होता, ‘आज’च. कॅथलिक मधे शुद्ध होण्याची एक अवस्था मानतात, २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. तुला पटो न पटो, वर्गात त्याची टिंगल होऊ देऊ नकोस.

आता पोराचा प्रश्न. न्याय आहे, नरकही आहे. त्याबद्दल येशू स्वतः बोललाय, ते गाळू नकोस. पण कोण कुठे गेलं ही यादी आपल्याकडे कुणी दिलेली नाही, आणि ती वाचून दाखवायची हौस असलेली माणसं मला कधी आवडली नाहीत. त्या चोराचा तरी बाप्तिस्मा कुठे झाला होता? कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असं मांडलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आपल्यातले बरेच जण इतकं पुढे जायला तयार नसतात. मी अब्राहामाने देवाला विचारलेल्या प्रश्नापाशी थांबतो: सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? पोराला एवढंच सांग, ‘देव तुझ्या आजोबांना तुझ्याहून जास्त ओळखतो, आणि तो कुणावर अन्याय करत नाही.’ स्वर्गात गेले अशी खात्री देऊ नकोस, नरकात गेले असंही म्हणू नकोस.

‘देवाला आवडले म्हणून नेले’ हे तर नकोच. पोर रात्री देवाला भिऊन झोपायचं नाही. चांदणी झाले, हेही नको. ते आपण मानतच नाही. त्यापेक्षा योहान ११ वाच. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. आपल्याकडे मयतीत कुणी रडलं की ‘विश्वास कमी आहे’ म्हणणारे दोघेतिघे असतातच, त्यांनाही हा अध्याय दाखव.

हे सगळं वर्गात नको. रविवारच्या आधी त्यांच्या घरी जा, त्याच्या आईलाही समोर बसव. बाप तिचा गेलाय. दहाव्याला ती पोराला घाटावर नेणार असेल तर मोडता घालू नकोस. विधीत त्याने काय करावं हे घरचे ठरवतील, पण आजोबांच्या माणसांत उभं राहायला हरकत कसली? मात्र जाण्याआधी पाळकसाहेबांशी बोल. ते माझ्यापेक्षा कडक बोलतील. ऐकून घे, आणि जिथे आमचं पटत नाही तिथली वचनं काढून शनिवारी इकडे ये.

तुझे सर