‘नेग्लेक्ट’ला मराठीत काय म्हणावं: दुर्लक्ष, आबाळ की हेळसांड?

प्रश्न असा आहे: बालपणीच्या ‘ॲब्यूज’ आणि ‘नेग्लेक्ट’चे मोठेपणी होणारे परिणाम यावर लिहायचं आहे, तर ‘छळ आणि दुर्लक्ष’ चालेल का?

‘छळ’ चालेल. त्यात पुन्हापुन्हा होणं गृहीत आहे आणि मारहाण, टोचून बोलणं दोन्ही मावतं. ‘शोषण’ म्हटलं की आधी लैंगिक शोषणच डोळ्यांपुढे येतं; ते तेवढ्यापुरतंच ठेवा.

‘दुर्लक्ष’ मात्र तोकडं पडतं. दूध उतू जातं तेही दुर्लक्षच! इथे वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट सांगायची आहे. आबाळ ‘होते’, हेळसांड कोणीतरी ‘करतं’. आई अंथरुणाला खिळली आणि मुलांची आबाळ झाली, यात कुणाला बोल नाही. हेळसांडीत करणाऱ्याचा दोष आलाच. गरिबीमुळे अर्धपोटी राहिलेल्या मुलाबद्दल लिहिताना हा फरक विसरलात तर आईबापांवर उगाच ठपका येतो.

खरी अडचण भावनिक बाजूची. आबाळ म्हणजे खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची, असाच समज आहे. जेवण, फी, वह्यापुस्तकं सगळं वेळेवर मिळालं, पण रडू आलं तर जवळ घेणारं कुणी नव्हतं, अशा माणसाला ‘लहानपणी आबाळ झाली का?’ विचारा. तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. जे मिळालंच नाही ते आठवणार कसं? मोठेपणी मदत मागायला जीभ रेटत नाही, आपल्याला काय वाटतंय ते सांगता येत नाही, आणि हा आपला स्वभावच असं तो धरून चालतो. म्हणून मथळ्यात ‘भावनिक उपेक्षा’ लिहा, पण प्रश्नावलीत असली नामं नकोत. ‘ताप आला की उशाशी कोण बसायचं?’, ‘शाळेत कुणी मारलं तर घरी कुणाला सांगायचात?’ असं विचारा.

अभ्यासकांच्याही हातून उपेक्षा आधी निसटलीच होती. फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांच्या १९९८च्या प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचे ७ प्रकार होते, त्यांत ती नव्हती; नंतर यादी १०वर गेली तेव्हा शारीरिक आणि भावनिक उपेक्षा आल्या. ४ किंवा अधिक प्रकार अनुभवलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट आढळला. हे सांगताना ‘नैराश्य येतं’ लिहू नका, ‘नैराश्याचा धोका वाढतो’ लिहा. तो आकडा गटाचा आहे, एकट्यादुकट्याचं भाकीत नव्हे.